आत्याच्या नावावरचा कचरा

आत्याला कुणी "कशी आहेस?" असं विचारलं की ती म्हणायची, "माझं राहू दे, आधी तुझी चेन बघ." आणि विचारणाऱ्याच्या बॅगेची चेन खरोखरच अर्धी उघडी असायची. माणूस ओशाळून बॅग काखोटीला मारायचा, आणि दोन दिवसांनी तीच बॅग घेऊन निमूट तिच्या दारात हजर व्हायचा.

भर बाजाराच्या मागे एक बोळ होता. दुकानांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठी बोळाकडे. म्हणजे रस्त्यावर काचा, दिवे, गोड हसणं. बोळात पिंपं, उकिरडा आणि खऱ्या शिव्या. आत्याचं दुकान तेवढं उलटं होतं. त्याला रस्त्याकडे तोंडच नव्हतं. बेकरी आणि सलून यांच्या पाठींमध्ये बसवलेला एक गाळा, आत एक शिवणयंत्र, एक स्टूल, भिंतीभर खिळ्यांना लटकलेले पट्टे, आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत बकलं, कड्या, चाकं, चेनचे रनर. बॅगा दुरुस्त करायचा धंदा वडिलांनी काढला होता, तो तिने पुढे चालवला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची छाती बोळात कुणाची नव्हती. भावाची मुलगी लहानपणी सुट्टीत येऊन दुकानात बसायची आणि दिवसभर "आत्या, आत्या" करायची, तेव्हापासून ती अख्ख्या बोळाची आत्या झाली. तिच्याहून वयाने मोठा असलेला सलूनवालासुद्धा तिला आत्याच म्हणायचा आणि वर म्हणायचा, "मी तरुण दिसतो ना, म्हणून."

तिच्या दुकानात पावती नव्हती. शटर खाली असलं तर बॅग शटरच्या कडीला अडकवायची आणि खुशाल निघून जायचं. कुणाची बॅग, कुठे फाटलीय, कशामुळे फाटलीय, हे आत्या नुसतं बघून सांगायची. वर फैलावर घ्यायची ते वेगळंच. "ही बॅग आहे की गोदाम? कोंब, कोंब अजून! आणि मग चेनच्या नावाने रडा!" पण कडीला लटकलेल्या बॅगेला बोळातल्या कुत्र्यानेही कधी तोंड लावलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, ते आत्याचं काम आहे.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आत्या काही फेकायची नाही. फेकायचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. फाटक्या बॅगेचं अस्तर दुसरीचा कप्पा व्हायचं, मोडक्या बॅगेचं चाक तिसरीखाली जायचं. दिवसाच्या शेवटी ती दुकान झाडायची तेव्हा सुपलीत येणार काय, तर चिमूटभर दोरे. तेही ती उशीत भरायला घरी न्यायची. आता अशा बाईवर कचऱ्यावरून संकट यावं, याला काय म्हणायचं!

झालं असं, की पालिकेने बोळातली सगळी पिंपं उचलली आणि सगळ्या दुकानांना मिळून एकच मशीन दिलं. हिरव्या रंगाची, खोलीएवढी लोखंडी पेटी. दुकानाचं कार्ड दाखवलं की तिचं तोंड उघडायचं, कचरा आत टाकायचा, बटण दाबायचं. मग आतून एक जाड पत्रा घुर्रर्र करत पुढे यायचा आणि गाडीभर कचऱ्याची परातभर वडी करून टाकायचा. खरकटं, खोकी, बाटल्या, काही म्हणून वर्ज्य नाही. बोळाने त्याचं नाव बकासुर ठेवलं.

मशीन सगळ्यांना हवं होतं. फक्त आपल्या दारासमोर नको होतं. या एका प्रश्नासाठी बोळात व्यापारी मंडळ स्थापन झालं, बेकरीवाला अध्यक्ष झाला, आणि पहिल्याच बैठकीत एकमताने ठरलं की जिच्या तक्रारीची दखल घ्यायची गरज नाही तिच्या दारासमोर, म्हणजे आत्याच्या दारासमोर, मशीन ठेवावं. आत्याला बैठकीचं आमंत्रण नव्हतं. तिने सकाळी शटर उघडलं तर समोर बकासुर उभा.

"हे काय आणून ठेवलंत?" तिने विचारलं.

"प्रगती," अध्यक्ष म्हणाले.

"मग तुमच्या दारात ठेवा की."

"माझ्या दारात खाण्याच्या वस्तू असतात, आत्या."

मशीनच्या डोक्यावर, समोरच्या भिंतीला, एक दिव्यांचा फलक लावला. त्यावर प्रत्येक दुकानाचं नाव, आणि नावापुढे हिरव्या दिव्यांची रेघ. जेवढा कचरा टाकाल तेवढी रेघ लांब, वर्षभराची मिळून. महिन्याचा वाटा संपला की रेघेच्या टोकाला लाल दिवा लागायचा, आणि त्या दुकानाला मशीन पुन्हा पहिल्या तारखेपर्यंत तोंड उघडून द्यायचं नाही. पालिकेच्या साहेबांनी उद्‌घाटनाला येऊन नीट समजावलं होतं. "ज्याची रेघ लांब, त्याला जरा लाज वाटावी आणि त्याने कचरा कमी करावा, असा यामागचा हेतू आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या, चहा प्यायले, आणि चहाचे कागदी पेले कुणाच्या कार्डावर टाकायचे यावरून भांडले.

पण लाज ही वस्तू बोळात कधी खपलीच नव्हती. आठवडाभरात उलटंच झालं. अध्यक्ष छाती काढून म्हणायला लागले, "बघितलीत ना आपली रेघ? धंदा आहे म्हणून कचरा आहे!" खानावळवाल्याने महिन्याच्या मध्यालाच लाल दिवा गाठला आणि दिवसभर मिशीला पीळ भरत हिंडला. सलूनवाल्याची पंचाईत झाली. केसांना वजन ते कितीसं असणार? त्याची रेघ हलता हलेना. शेवटी त्याने घरची जुनी गादी आणून बकासुराच्या घशात घातली, आणि बायको दोन रात्री सतरंजीवर झोपली. पण रेघ वाढली! ज्याची रेघ लांब तो मोठा माणूस, असा बोळाचा कायदाच होऊन बसला. माणसं आपापल्या कचऱ्याकडे कौतुकाने बघायला लागली.

आणि सगळ्यात खाली आत्याचं नाव. पुढे एक दिवा नाही. काळा अंधार.

तिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण कार्ड देताना पालिकेच्या कारकुनाने मालकाचा फोन नंबर मागितला होता. आत्याचा फोन बटणांचा, साधा. "हा चालत नाही," कारकून म्हणाला, "कार्ड वापरलं की प्रत्येक वेळी मेसेज जातो, रेघेच्या चित्रासकट." आत्याचं डोकं फिरलं. "मग घ्या माझ्या भावाचा! कागदावर त्याचंही नाव आहे. त्याला तशीही दुसऱ्यांचे उद्योग बघायची हौस आहे." रागाच्या भरात नंबर दिला आणि विसरून गेली.

भाऊ धाकटा. लांबच्या शहरात मोठ्या कचेरीत कामाला होता, डोक्याला टक्कल पडलं होतं, पण आत्या त्याला अजून सोन्याच म्हणायची. वडिलांनी जाताना दोघांना जवळ बसवून सांगितलं होतं. गाळा दोघांचा, पण दुकान चालतंय तोवर तिला तिथून कुणी उठवायचं नाही. बंद पडलं तर मग दोघांनी बघा. तेव्हा सोन्या ढसाढसा रडला होता आणि "ताई, मरेपर्यंत तुझंच" म्हणाला होता. पण एका कॉफीवाल्या कंपनीला बोळात जागा हवी होती, आणि कॉफीवाल्या कंपन्या रडत नाहीत, त्या रोज फोन करतात.

एके दिवशी सोन्याचा फोन आला.

"ताई, दुकान बंद होतं का गं?"

"बंद? कोण म्हणतो?"

"महिना झाला, एक मेसेज नाही."

"कसला मेसेज?"

"कचऱ्याचा."

आत्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नव्हती. "अरे, माझ्याकडे कचरा निघत नाही."

"तेच तर म्हणतोय मी. चालत्या दुकानात कचरा निघतो, ताई. अध्यक्षांनी फलकाचा फोटो पाठवला मला. सगळ्यांच्या रेघा आहेत, आणि आपल्या नावापुढे काळोख. बाबांनी काय सांगितलं होतं? चालतंय तोवर."

"दुकान चालतं की नाही हे तू उकिरड्यावरून ठरवणार?"

"मी इतक्या लांबून आणखी कशावरून ठरवू? मशीनला वर्ष पुरं होऊ दे. मंडळाचा कार्यक्रम आहे, मला बोलावलंय. तेव्हा येतो, फलक बघतो आणि काय ते ठरवू."

आत्याने फोन ठेवला. वडिलांचं स्टूल, वडिलांचं शिवणयंत्र, आयुष्यभराची जागा, आणि ती जाणार कशामुळे, तर आपण उकिरडा केला नाही म्हणून! आणि त्या दिवसापासून तिने भावाला सोन्या म्हणणं सोडलं. मनातल्या मनातसुद्धा.

बरं, मग करायचं काय? करायचा कचरा! दुसऱ्या दिवशी ती फेकायला काहीतरी शोधायला बसली. एक मोडकं चाक उचललं. अरे, हे तर डॉक्टरांच्या बॅगेला बसेल. ठेवलं. फाटकं अस्तर उचललं. याचा झकास कप्पा होईल. ठेवलं. तुटका पट्टा, वाकडं बकल, अर्धी चेन. सगळं उचललं, सगळं पुसलं आणि सगळं परत डब्यात गेलं. संध्याकाळी घरून संत्र्याची सालं आणि चहाचा चोथा आणून तिने बकासुराला दिला. त्याने घुर्रर्र केलं. फलकावर तिच्या नावापुढे एक दिवा मिणमिणला आणि विझला. एवढ्याशा कचऱ्याला बकासुरही मोजत नव्हता. आत्या रडकुंडीला आली.

तेवढ्यात खानावळवाला आला. त्याचा लाल दिवा लागलेला होता आणि मागे नोकर खरकट्याच्या पिशव्या धरून उभा.

"आत्या, तुमचा वाटा रिकामाच जातोय, नाही का?" तो लोण्यासारखा मऊ होऊन म्हणाला. "वाया जातो बिचारा. तुमचं कार्ड जरा देता?"

एरवी आत्याने त्याला पिशव्यांसकट पिटाळलं असतं. पण तिने फलकाकडे बघितलं, आणि गळ्यातली सुतळी काढून कार्ड त्याच्या हातात ठेवलं. त्या संध्याकाळी तिच्या नावापुढे दिव्यांची रांगच्या रांग उजळली.

मग काय विचारता! बातमी बोळभर झाली. ज्याचा वाटा संपला तो आत्याच्या दारात. "आत्या, दोन खोकी आहेत." "आत्या, एवढा ढीग तुमच्या नावावर जाऊ द्या." आठवड्याच्या आठवडे न बोलणारी माणसं चहा पाठवायला लागली. शेवटी कार्ड सलूनच्या मागच्या दारात एका खिळ्याला टांगून ठेवायचं ठरलं, म्हणजे कुणालाही घेता येईल. आणि आत्याची रेघ चढत गेली. आधी सलूनला मागे टाकलं, मग खानावळीच्या गळ्याला येऊन भिडली.

गंमत कशी असते बघा. अध्यक्ष सकाळी स्वतःच्या हाताने शिळ्या पावांच्या गोण्या आत्याच्या कार्डावर ढकलायचे, आणि संध्याकाळी फलक बघून मनापासून थक्क व्हायचे. "आत्या, धंदा अगदी जोरात दिसतोय तुमचा! आम्हालाही सांगा की काय युक्ती आहे ते." यात थट्टा नव्हती हो. त्यांना खरंच वाटायचं. गोण्या ही एक गोष्ट आणि फलक ही दुसरी गोष्ट. आणि दिव्यांनी लिहिलेलं खोटं कसं असेल?

भावाचा फोन आला. "ताई, बरंच काम आहे वाटतं? दिवसभर मेसेज येतात."

"आहे. मरायला फुरसत नाही," आत्या तुटकपणे म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'मध्ये कॉफीवाल्या कंपनीची निराशा होती हे तिला नीट कळलं. आणखीही काहीतरी होतं, ते मात्र उमगलं नाही.

वर्ष पुरं व्हायला थोडे दिवस उरले असताना घरी माळ्यावरचा बकलांचा डबा काढायला आत्या स्टुलावर चढली आणि डब्यासकट खाली आली. बकलं खोलीभर झाली आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं आणि जमिनीला पाय लावायचा नाही असं बजावलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण दोन वेळचं जेवण आणून द्यायची. ती म्हणाली, "भावाला कळवते हं मी."

"कळवलंस तर बघ! दुकान बंद आहे हे त्याला कळलं की संपलंच सगळं."

"अगं, पण बंद दुकान लपेल कसं?"

"का नाही लपणार? कार्ड सलूनमध्ये टांगलंय. मी तिथे असले काय नि नसले काय, रेघ चढतेच आहे." हे बोलताना तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. शेजारणीने विषय बदलायला विचारलं, "आणि गिऱ्हाइकं?"

"ती कडीला अडकवून जातील. बोळातले बघतील. आजवर कुणी हात लावलाय?"

आता पुढचं तिला नंतर सलूनवाल्याने सांगितलं, तेही जमिनीकडे बघत.

शटर खाली गेलेलं बोळात कुणाच्या लक्षातच आलं नाही. फलक समोरच्या भिंतीवर आणि आत्याचं शटर पाठीमागे. माणसं मशीनशी येत, तिचं कार्ड वापरत, मान वर करून तिची रेघ बघत, "काय पण जिद्द आहे बाईची!" म्हणत, आणि शटरकडे पाठ ठेवूनच परत जात. कडीवर एक बॅग लटकली, मग दुसरी. मग कडी भरली आणि शटरच्या पायाशी ढीग झाला. चाकांच्या, पट्ट्यांच्या, शाळेच्या, प्रवासाच्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अध्यक्ष बोळाची पाहणी करत आले. "हा काय पसारा? साहेब येणार आहेत!"

वर्षापूर्वी हाच माणूस म्हणाला असता, आत्याचं काम आहे, राहू द्या. पण वर्षभर मशीनसमोर उभं राहून बोळाची नजर बदलली होती. दाराबाहेर ठेवलेली वस्तू म्हणजे कचरा, एवढंच आता सगळ्यांच्या डोक्यात होतं. सलूनवाला आणि खानावळवाला पुढे झाले आणि एकेक बॅग बकासुराच्या तोंडात देत गेले. आणि माणसं प्रामाणिक बरं का! आत्याचा कचरा त्यांनी आत्याच्याच कार्डावर टाकला. तिची रेघ सरसर चढली आणि टोकाला लाल दिवा लागला. बोळात आत्या पहिली!

अध्यक्षांचा ऊर भरून आला. 'वर्षातला सर्वात चैतन्यशील व्यवसाय' असा एक पितळी चषक त्यांनी स्वतःसाठीच करवून आणला होता, पण फलकापुढे कुणाचं काही चालत नाही. साहेबांनी नाव वाचलं. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी बंद शटरकडे बघितलं.

पुढच्या रांगेत भाऊ बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळीच गाडीतून उतरलेला. "ताई कुठाय?" त्याने विचारलं.

"आत असतील," अध्यक्ष म्हणाले. "त्यांना इतकं काम आहे, की शटर उघडायलाही सवड मिळत नाही."

"शटरला बाहेरून कुलूप आहे," भाऊ म्हणाला.

अध्यक्षांनी कुलपाकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, आणि कुलपाचंच काहीतरी चुकत असावं अशा चेहऱ्याने पुन्हा कुलपाकडे बघितलं.

"शेवटचं कुणी बघितलं तिला?" भावाचा आवाज चढला. "मला सांगा, माझ्या बहिणीला शेवटचं बघितलंय कुणी?"

खानावळवाल्याने सलूनवाल्याकडे बघितलं, सलूनवाल्याने अध्यक्षांकडे. कार्ड सगळ्यांनी बघितलं होतं. रेघ सगळ्यांनी बघितली होती. बाईचा पत्ता कुणालाच नव्हता.

तेवढ्यात दवाखान्यातली एक नर्स धावत बोळात आली आणि शटरशी थबकली. "माझी निळी बॅग? मी इथे कडीला अडकवली होती. उद्या गावाला जायचंय मला." तिच्या मागून शाळेच्या दप्तराचं विचारत एक आई आली. मग पेटीच्या चाकासाठी एक म्हातारेबुवा, काठी टेकत.

"इथे काय होतं?" भावाने सलूनवाल्याला विचारलं.

"इथे... पसारा होता. आम्ही साफ केला," सलूनवाला म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचे डोळे पांढरे झाले. हाताने बॅगा उचलताना जे डोक्यात आलं नव्हतं ते आता आलं.

मशीन उघडलं. शिळे पाव आणि खरकटं यांच्या मधोमध, दाबून सपाट झालेल्या वडीतून, पट्टे बाहेर आले होते. एक निळा, एक लाल, एक दप्तराचा. एका पेटीचं चाक अजून शाबूत होतं. नर्सने तोंडावर हात धरला. साहेब पुढे वाकले, निरखून बघितलं आणि म्हणाले, "बॅगा ओल्या कचऱ्यात कशा काय टाकल्यात? हे नियमात बसत नाही."

भावाने आत हात घातला आणि निळा पट्टा ओढून काढला.

जिन्यावर बूट वाजले तशी आत्याने ओळखलं. लहानपणापासून तो दोन दोन पायऱ्या चढायचा, आणि शेवटच्या पायरीला अडखळायचा. आताही अडखळला. तिला वाटलं, आलं! फलक नाही, शटर बघून आलाय. तिने पाठ ताठ केली आणि तोंडाचा पट्टा आधीच सुरू केला. "आलास? ये. बंद आहे माझं दुकान. बोलाव तुझ्या कॉफीवाल्यांना. पण माझ्या डब्यांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

तो दारातच उभा होता. एका हातात पितळी चषक, दुसऱ्या हातात घाणीने बरबटलेला पट्टा. प्लास्टरमधल्या पायाकडे बघत होता.

आत्याची नजर पट्ट्यावर गेली. "ही त्या नर्सची निळी. हिचा रनर गेला होता मागेही. अरे, ही अशी कशी झाली? कुठे मिळाली तुला?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. मग आत्याने बोळातल्या एकेकाचा असा उद्धार केला, की खालची शेजारीण वर येऊन दारात उभी राहिली. "माझी गिऱ्हाइकं! विश्वासाने अडकवून गेली रे ती! आणि माझ्याच कार्डावर!" तिला हुंदका आवरेना. "ढीग होता म्हणालास?"

"शटर झाकलं होतं, म्हणे," भाऊ म्हणाला. "दुकान चालू होतं, ताई. वर्षभर चालू होतं. मी काय बघत होतो कुणास ठाऊक."

तो खाली जमिनीवर बसला, इस्त्रीच्या पँटसकट. "मी रोज मेसेज बघायचो. कॉफीसाठी म्हणून बघायला लागलो, खोटं कशाला बोलू. पण मग सवयच लागली. आपलं भांडण झालं, तू धड बोलेनास. संध्याकाळी मेसेज आला की वाटायचं, चला, ताईने कचरा टाकला, म्हणजे ताई बरी आहे. परवाही आले, कालही आले. मी निर्धास्त झोपलो."

आत्या त्याच्या टकलाकडे बघत राहिली.

"मी इथे पडले होते रे, सोन्या," ती म्हणाली.

पाय बरा होईपर्यंत भावाने रजा काढली आणि स्वतः गाळ्यात स्टुलावर बसला. ज्यांच्या बॅगा बकासुराने खाल्ल्या, त्या सगळ्यांच्या शिव्या त्याने खाल्ल्या, आणि आत्याने घरी बसून डब्यांतल्या जुन्या पट्ट्यांतून, अस्तरांतून प्रत्येकाला नवी बॅग शिवून दिली. सलूनवाला, खानावळवाला आणि अध्यक्ष एवढीशी तोंडं करून शिवणाचं सामान पोचवत होते. कॉफीवाल्यांचा फोन आला तेव्हा भाऊ म्हणाला, "दुकान चालू आहे," आणि ठेवून दिला.

आता आत्या परत गाळ्यात बसते. कार्ड परत तिच्या गळ्यात आहे. नव्या वर्षाच्या फलकावर सगळ्यात खाली तिचं नाव, पुढे काळोख. मंडळाला ते फार लागतं, त्यांनी दोनदा सांगून बघितलं की बोळाची शोभा जाते. चषकात ती चेनचे रनर ठेवते. भावाच्या फोनवर तिच्या कचऱ्याचा मेसेज आता कधीच येत नाही, त्यामुळे बिचाऱ्याला रोज संध्याकाळी स्वतः फोन लावावा लागतो. आत्या फोनकडे बघत बसते आणि लगेच उचलत नाही. थोडा वाजू देते.